पन्नाशीनंतर मोटारसायकल शिकताना

मोटारसायकलच्या डाव्या मुठीसमोर क्लचची लिव्हर असते. गिअर नसलेल्या स्कूटरवर नेमक्या त्याच जागी मागच्या चाकाचा ब्रेक असतो. वीस वर्षे स्कूटर चालवलेली व्यक्ती मोटारसायकलवर बसते, दोन-तीन दिवसांत ती बऱ्यापैकी चालवूही लागते, आणि मग एखाद्या गल्लीतून कुत्रे आडवे आले की तिचा डावा हात विचार न करता लिव्हर आवळतो. गाडी थांबत नाही. इंजिनाचा चाकाशी असलेला संबंध सुटल्यामुळे ती मोकळी होऊन पुढेच जाते.

मी वयाच्या ५३व्या वर्षी मोटारसायकल शिकलो. त्याआधी तरुणपणी चेतक आणि पुढे अनेक वर्षे चारचाकी एवढाच अनुभव होता. त्यानंतर माझ्या वयाच्या काही स्त्री-पुरुषांना मैदानावर शिकताना जवळून पाहिले, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. या वयात समज कमी पडत नाही, वाहतुकीची जाण तर तरुणांपेक्षा अधिकच असते. अडचण असते ती हातापायांत मुरलेल्या जुन्या सवयींची. त्या मोडून नव्या सवयी बसायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ रस्त्यावर नव्हे, मैदानावर द्यावा लागतो. पुढे सांगितलेला क्रम याच विचाराने आखलेला आहे.

आधी स्वतःची तपासणी

डोळ्यांपासून सुरुवात करावी. चाळिशीनंतर अनेकांकडे प्रोग्रेसिव्ह चष्मा येतो. त्याच्या काचेचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असल्यामुळे मान न वाकवता नुसती नजर खाली टाकली, की पायाजवळची जमीन अंधुक दिसते. गाडी थांबवून पाय टेकवण्याच्या क्षणी, विशेषतः तिथे खड्डा किंवा खडी असेल तर, हा दोष महागात पडतो. नेत्रतज्ज्ञांना आपण दुचाकी चालवणार असल्याचे स्पष्ट सांगून फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. त्याच्या काड्या बारीक आणि सरळ असाव्यात, म्हणजे हेल्मेट घातल्यावर त्या कानशिलाला टोचत नाहीत. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या वाहनाच्या दिव्याभोवती वलये दिसतात आणि क्षणभर काहीच उमगत नाही. अशा व्यक्तीने शस्त्रक्रियेपर्यंत रात्रीची गाडी पूर्णपणे टाळावी.

त्यानंतर मान. सरळ बसून खांद्यावरून मागे पाहता येते का, हे घरीच तपासता येते. आरशात न दिसणारी रिक्षा किंवा दुचाकी याच नजरेने सापडते, त्यामुळे मान आखडलेली असेल तर आधी व्यायामाने ती सैल करून घ्यावी. हाताच्या पकडीसाठी उभ्या असलेल्या गाडीचा क्लच तीस वेळा सावकाश दाबून सोडावा. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली तर हलक्या क्लचची गाडी निवडावी लागेल. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता येणेही गरजेचे आहे, कारण सिग्नलला थांबताना बहुतेक वेळा एकाच पायावर गाडी पेलावी लागते.

औषधांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी झापड येते. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर जेवण लांबल्यास अचानक उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो, म्हणून अशा व्यक्तीने त्या गोळीचे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड परवान्यासोबत ठेवावे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता कमी होत जाते, तेव्हा शिकण्याआधी ती एकदा तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

परवाना

आपल्याकडे असलेला परवाना नेमका कोणत्या वर्गाचा आहे, हे बरेच जण पाहतच नाहीत. केवळ चारचाकीचा किंवा विनागिअर दुचाकीचा परवाना असणाऱ्याला गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. त्यासाठी गिअरच्या दुचाकीचा शिकाऊ परवाना काढून नंतर तो वर्ग मूळ परवान्यात वाढवून घ्यावा लागतो. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर करता येतो. अर्जदाराचे वय ४० वर्षांपेक्षा अधिक असल्यास डॉक्टरांनी भरलेले नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. माझा सल्ला असा, की ३१व्या दिवशी धावपळ करू नये. ही सहा महिन्यांची मुदत आपल्या फायद्यासाठीच आहे.

या काळात पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातील ‘एल’ लावावा. शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही, मग ती घरातली व्यक्ती का असेना. पक्क्या परवान्याची मुदतही वयानुसार कमी होत जाते: ३० ते ५० या वयात तो दहा वर्षांसाठी मिळतो, ५० ते ५५ मध्ये काढल्यास वयाच्या साठीपर्यंत, आणि ५५ नंतर पाच-पाच वर्षांसाठी. नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि वैध परवान्याशिवाय झालेल्या अपघातात स्वतःच्या विम्याचा दावाही अडचणीत येतो. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते आपल्या पॉलिसीत आहे ना, हे वाचून घ्यावे.

गाडी कोणती घ्यावी

या वयात मोटारसायकल घेणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात बुलेटचा आवाज वर्षानुवर्षे घर करून असतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु शिकण्याची गाडी आणि आवडीची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करावे. स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो असते, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०चे सुमारे १९५ किलो. हा ८० किलोंहून अधिकचा फरक धावत्या गाडीवर जाणवत नाही. तो जाणवतो घराच्या फाटकातून गाडी उलटी ढकलताना आणि उतारावर वळवताना, आणि या वयातल्या बहुतेक दुखापती तिथेच होतात. कलणाऱ्या जड गाडीला पायाने किंवा हाताने सावरू पाहणे म्हणजे गुडघा आणि पाठ गमावणे होय. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली, की ती सोडून बाजूला व्हावे. मोडलेला इंडिकेटर काही शे रुपयांत बदलून मिळतो.

म्हणून पहिले सहा महिने १०० ते १२५ सीसीची, शक्यतो जुनी आणि चांगल्या स्थितीतली गाडी घ्यावी. ती एखाददुसऱ्या वेळी पडणार हे गृहीत धरले, की मनावरचा ताण निम्मा होतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे पूर्णपणे आणि टाचा जवळजवळ टेकल्या पाहिजेत. उंची कमी असणाऱ्यांना बजाज ॲव्हेंजरसारखी गाडी सोयीची पडते, कारण तिच्या सीटची उंची सुमारे ७३७ मिलिमीटर आहे, तर बहुतेक साध्या मोटारसायकलींची ७८० ते ८०५ च्या दरम्यान असते. तिचे पाय ठेवण्याचे रुळ मात्र बरेच पुढे असल्याने कंबरदुखी असणाऱ्याने ती अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

ब्रेकबाबत तडजोड करू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ब्रेक आवळताना चाक अडकू न देणारी एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाके एकत्र रोखणारी सीबीएस ही यंत्रणा बंधनकारक झाली. जुनी गाडी घेताना तिच्यात यांपैकी काय आहे ते विचारावे. पुढे मोठी गाडी घ्याल तेव्हा दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्यावी. घाबरून ब्रेक आवळला तरी चाक अडकून घसरत नाही, हा आधार आमच्या वयाला फार मोलाचा आहे.

अंगावर काय असावे

संपूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय चिन्ह असलेले, डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे. ते घालून गालाला धरून हलवले असता गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण आघात शोषणारा आतला थर एकदाच दबतो. घोटा झाकणारे बूट, तळव्यावर जाड थर असलेले हातमोजे आणि कोपर-खांद्यावर संरक्षक गाद्या असलेले जाळीचे जॅकेट एवढे तरी पहिल्या दिवसापासून असावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात जॅकेट नकोसे होते हे खरे. तेव्हा गाडी पहाटे काढावी, जॅकेट काढू नये. साडी नेसून शिकणाऱ्या स्त्रियांना मी आग्रहाने सांगतो, की शिकण्याच्या काळात तरी पँट किंवा चुस्त सलवार घालावी आणि ओढणी घरीच ठेवावी. चेनमध्ये आणि चाकात अडकलेल्या पदरामुळे झालेले अपघात आपल्याकडे काही थोडे नाहीत.

मैदानावरचे पहिले दहा दिवस

एका शाळेने मला पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत भर रस्त्यावर नेले होते, आणि त्या दिवशी मी भीतीखेरीज काहीही शिकलो नाही. शिकवणारा कोणीही असो, शाळेतला किंवा पुतण्या-भाचा, त्याच्याकडून दहा दिवस मैदान कबूल करून घ्यावे. रविवारी सकाळी रिकामे असणारे बाजार समितीचे आवार किंवा नव्या वसाहतीतला न वापरला जाणारा रस्ता परवानगी घेऊन वापरता येतो. एका वेळी चाळीस मिनिटांहून अधिक सराव करू नये. त्यानंतर क्लचचा हात थकतो आणि थकलेला हात चुकीची सवय उचलतो. रोजच्यापेक्षा एक दिवसाआड केलेला सराव अंगी अधिक मुरतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला दिवस इंजिन बंद ठेवूनच घालवावा. गाडी साइड स्टँडवरून उभी करणे, डाव्या बाजूला उभे राहून हँडल धरून ती वीस-तीस पावले ढकलत नेणे, वळवणे, मागे घेणे आणि पुन्हा स्टँडवर लावणे एवढेच करावे. ढकलताना उजव्या हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर असावीत. गाडीचा तोल कुठपर्यंत आपोआप राहतो आणि कुठून पुढे ती वजन टाकू लागते, हे याच सरावातून अंगाला कळते. पडलेली गाडी उचलण्याची रीतही याच दिवशी शिकावी. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवून गाडीकडे पाठ करावी, गुडघ्यांतून बसावे, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचा कठडा धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने लहान पावले टाकत मागे रेटत उठावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड बाहेर उघडून ठेवावा, नाही तर ती उभी होताच पलीकडे आडवी होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा विषय एकच: हाफ क्लच. क्लच पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सोडलेला यांच्या मधे बोटभर जागा असते, जिथे इंजिन चाकाला हळूच पकडू लागते. पहिला गिअर टाकून, पाय जमिनीवर ठेवून, क्लच त्या जागेपर्यंत सोडावा. गाडी पुढे सरकू लागली की पुन्हा दाबावा. रेस देऊ नये. अर्धा तास फक्त हेच करावे. चारचाकी चालवणाऱ्यांना हे सोपे वाटेल असे मला वाटले होते, पण तसे होत नाही, कारण त्यांचा क्लच डाव्या पायात मुरलेला असतो. घाई झाली की त्यांचा डावा पाय खाली दाबला जातो आणि तिथे गिअरची पट्टी असते! ज्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर आहेत, त्यांत अशा दाबण्याने एकदम खालचा गिअर पडतो आणि मागचे चाक हिसका देते. बऱ्याच १०० सीसीच्या गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबूनच पडतात. तिथे उलट वरचा गिअर पडून गाडी धापा टाकत बंद पडते. आपल्या गाडीचा क्रम घरी, गाडी उभी असताना, डोळे मिटून सांगता आला पाहिजे.

चेतक किंवा तिच्यासारखी जुनी गिअरची स्कूटर चालवलेल्यांचे काम त्यामानाने हलके असते. त्यांच्या डाव्या हाताला क्लच आणि उजव्या पायाला मागचा ब्रेक माहीत असतो. फक्त मूठ पिळून गिअर टाकणारे मनगट गप्प बसवून ते काम डाव्या पायाला द्यायचे असते. माझे मनगट जवळजवळ महिनाभर अधूनमधून वळत राहिले. त्यावर उपाय म्हणून मी गिअर बदलताना प्रत्येक वेळी मोठ्याने ‘पाय’ म्हणत असे. ऐकायला बालिश वाटते, परंतु तोंडाने उच्चारलेल्या शब्दामागे शरीर जाते, आणि माझ्यानंतर शिकणाऱ्या इतरांनाही ही युक्ती लागू पडली.

चौथ्या दिवसापासून सरळ रेषेत चालवणे, दुसऱ्या गिअरवर जाणे, पुन्हा पहिल्यावर येऊन ठरवलेल्या रेषेवर थांबणे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वीस-पंचवीस मीटर पुढे ठेवावी. मोटारसायकल डोळे पाहतात तिकडे जाते, हे सुरुवातीला पटत नाही. खड्ड्याकडे टक लावणारा नेमका खड्ड्यातच जातो. खड्ड्याशेजारच्या चांगल्या रस्त्याकडे पाहणारा सुटतो. वळतानाही हनुवटी जिकडे जायचे तिकडे वळवावी.

मग आठचा आकडा. परिवहन कार्यालयातल्या चाचणीत तो काढावाच लागतो, पण त्याचा खरा उपयोग कॉलनीच्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना होतो. पहिल्या गिअरवर, रेस स्थिर ठेवून, क्लच हाफवर आणि मागचा ब्रेक अगदी हलका दाबून गाडी सावकाश फिरवावी. इतक्या कमी वेगात, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक लावला की गाडी जागच्या जागी आडवी होते. या वयातल्या शिकाऊंची बहुतेक पहिली पडझड अशीच होते, म्हणून आठ काढताना उजव्या हाताची चारही बोटे मुठीभोवतीच ठेवावीत.

शेवटचे तीन-चार दिवस ब्रेकसाठी राखून ठेवावेत, आणि हा भाग कोणत्याही कारणाने गाळू नये. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस तोंडावर पडतो’ ही समजूत खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती अशी, की गाडी थांबू लागताच तिचे आणि आपले वजन पुढच्या चाकावर येते, त्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढते, आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. मागचे चाक हलके झाल्यामुळे नुसत्या मागच्या ब्रेकने गाडी घसरत लांब जाते. माणूस पडतो तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे. आधी हलका दाब, वजन पुढे आल्याचे जाणवताच वाढता दाब, त्याच वेळी उजवा पाय मागच्या ब्रेकवर, आणि गाडी थांबता थांबता क्लच, असा क्रम २० किलोमीटरच्या वेगापासून सुरू करून हळूहळू ४० पर्यंत न्यावा. हँडल सरळ असावे आणि रस्ता कोरडा.

स्कूटरवरून आलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. घाबरल्यावर त्यांचे दोन्ही हात एकदम आवळले जातात. स्कूटरवर त्याने दोन्ही चाके रोखली जातात. मोटारसायकलवर मात्र क्लच आणि फक्त पुढचा ब्रेक लागतो आणि उजवा पाय रिकामा राहतो. म्हणून शिकवणाऱ्याला समोर उभे न करता बाजूला उभे करावे आणि त्याने मनास येईल तेव्हा ‘थांबा’ म्हणून ओरडावे. केव्हा थांबायचे हे आधी ठाऊक नसेल तरच सवय बदलली की नाही ते कळते. ओळीने वीस वेळा उजवा हात आणि उजवा पाय एकत्र काम करेपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. काहींना याला दोन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दरम्यानच्या काळात स्कूटर चालवणे बंद ठेवता आले तर फार चांगले.

रस्त्यावर

पहिल्या रस्त्यासाठी रविवारची सकाळ, सहा ते आठची वेळ आणि रोजच्या ओळखीचा भाग निवडावा. वेगाविषयी एक हिशेब मनात ठेवावा: ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. वाढत्या वयात धोका दिसणे आणि हात हलणे यांत अर्धा सेकंद जरी अधिक गेला, तरी ब्रेक लागण्यापूर्वीच आठ मीटर जास्त संपतात. त्यातच ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४० ऐवजी ६० च्या वेगाला ते दुपटीहून अधिक होते. प्रतिक्रियेचा वेळ आपण कमी करू शकत नाही, अंतर मात्र वाढवू शकतो. पुढचे वाहन विजेच्या खांबाजवळून गेल्यावर आपण तिथे पोहोचेपर्यंत तीन सेकंद मोजता आले पाहिजेत. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी घुसणारच. घुसू द्यावे आणि पुन्हा तीन सेकंद मागे राहावे.

ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. डावीकडे जायचे असल्यास डावी मूठ हलकेच पुढे रेटली, की गाडी डावीकडे कलते. हे वाचून कोणालाही उलटे वाटेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकदा करून पाहावे. अंगाला पटल्यावर वळणावरची अर्धी भीती जाते.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांचे काही धोके चारचाकीच्या काचेआडून आपण कधी लक्षात घेतलेले नसतात. नव्या सिमेंट रस्त्याची कडा आणि साइडपट्टी यांत कित्येक ठिकाणी वीतभर उंचीचा फरक असतो. एकदा चाक खाली उतरले तर तिरके चढवायला जाऊ नये, वेग कमी करून थांबावे आणि सपाट जागा पाहून वर यावे. रेल्वे फाटकाचे रूळ आणि पुलावरच्या लोखंडी पट्ट्या शक्य तितक्या काटकोनात ओलांडाव्यात. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो, तो दोन-तीन जोरदार सरींनी धुऊन निघेपर्यंत गाडी घरीच ठेवावी. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला, की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना ती ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या एका कारणासाठी मी ऑक्टोबर ते मार्च या काळात त्या भागात सूर्यास्तानंतर गाडी चालवत नाही, आणि इतरांनीही चालवू नये असे मला मनापासून वाटते.

कुठे जाता येत नाही हेही माहीत असावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे. नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला नाही तर ते खुशाल त्या मार्गावर नेऊन सोडते.

पहिली सहल आणि घाट

साधारण हजार किलोमीटर शहरात आणि परिसरात झाल्यावर लहान सहल करावी. कोल्हापूरकरांना पन्हाळा, नाशिककरांना त्र्यंबकेश्वर, छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना वेरूळ आणि नागपूरकरांना रामटेक ही सकाळी जाऊन दुपारच्या आत परत येण्यासारखी ठिकाणे आहेत. दर पाऊण तासाने थांबावे, पाणी प्यावे, हातपाय झाडावेत. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी न पिणारे समवयस्क मी पाहिले आहेत. त्यापेक्षा थांबे आधीच ठरवून घ्यावेत, कारण शरीरातले पाणी कमी झाले की लक्ष विचलित होते आणि ते आपल्याला कळतही नाही.

घाट चढताना गिअर आधीच बदलून घ्यावा, वळणाच्या मध्यात नाही. उतरताना ज्या गिअरने तो घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरण्याची आपल्याकडची जुनी सवय घातक आहे. सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. अंध वळणावर आपल्या बाजूच्या मध्याच्याही थोडे डावीकडे राहावे, कारण पसरणी किंवा आंबेनळीसारख्या घाटांत समोरून येणाऱ्या एसटीला वळताना जास्त जागा लागते. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. अपघात झालाच किंवा दिसला, तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते. बेशुद्ध व्यक्तीचे हेल्मेट ओढून काढण्याची घाई करू नये; श्वास चालू असेल तर मान स्थिर धरून मदतीची वाट पाहावी.

निघण्यापूर्वी टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. चेन उघडी असेल तर साधारण ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर तिला तेल द्यावे.

मागे कोणाला बसवताना

हा टप्पा सर्वांत शेवटी ठेवला आहे, कारण मागच्या माणसाच्या वजनाने मैदानावर शिकलेले बरेच काही बदलते: थांबायला अधिक अंतर लागते, हाफ क्लचवर गाडी उचलायला थोडी जास्त रेस लागते, आणि थांबल्यावरचा तोल दुप्पट जड होतो. पक्का परवाना आणि हजार-दीड हजार किलोमीटरचा अनुभव असल्याशिवाय जोडीदाराला किंवा नातवंडांना बसवू नये. बसणाऱ्यालाही पूर्ण हेल्मेट हवे. त्यांनी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, आपण ‘बसा’ म्हटल्यावरच चढावे आणि ‘उतरा’ म्हटल्यावरच उतरावे, आणि वळणावर आपल्या विरुद्ध बाजूला झुकू नये, हे निघण्यापूर्वी नीट समजावून सांगावे. मागच्या टायरची हवा गाडीवरच्या पट्टीत दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी भरून घ्यावी. पहिली फेरी त्याच जुन्या मैदानावर घ्यावी, सामानाची पिशवी न घेता, आणि तिथे पाच-सहा वेळा थांबून, निघून, एकदा आठचा आकडा काढून झाल्यावरच दोघांनी मिळून रस्त्याला लागावे.